कणकेवर उमटलेलं चाक

चाकवाल्याला माणसाचा चेहरा नंतर दिसायचा, आधी चाक. कुणी पाहुणा दारात गाडी लावून उतरला की हा वाकून त्याचे टायर बघत राहायचा. दोन्ही कडा झिजलेल्या दिसल्या की म्हणायचा, "हवा भरायचा आळस दिसतो तुम्हाला," आणि पाहुणा दारातच ओशाळायचा. मग वरच्या खिडकीतून बायकोचा आवाज यायचा, "अहो, आधी 'या' म्हणावं, मग 'बसा' म्हणावं. टायर कुठे पळून जातोय?"

खाली दुकान, वर घर. मधे एक अरुंद जिना, ज्याच्या कठड्याला कायम ग्रीसचे हात लागलेले. चाकवाल्याचं मुख्य काम गाड्यांना हौसेची चाकं बसवण्याचं. कारखान्यातून आलेली साधी चाकं काढायची, गिऱ्हाइकाच्या पसंतीची मोठी, रुंद, चकाकणारी अलॉय चढवायची, आणि तीही अशी की टायर कुठे घासता कामा नये. चाक चढवणं कुणालाही जमतं. पाना फिरवता आला की झालं. घासू न देणं हेच काम. पुढचं चाक स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतं. मागचं अधिक लबाड. गाडी रिकामी असेपर्यंत ते शहाण्यासारखं वागतं, आणि माणसं बसून गाडी खाली दबली की मडगार्डच्या कडेला जाऊन भिडतं. ती कड पत्र्याची. टायर सोलून काढते.

हे ओळखायची एक पद्धत त्या दुकानात होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती. बाकीचे लोक बोट घालून बघत, बॅटरी मारून बघत. इथे कणीक लागायची. घट्ट मळलेल्या कणकेची बोटभर जाड पट्टी मडगार्डच्या कडेला आतून चिकटवायची, गाडीत माणसं बसवायची, गाडी दाबून, हलवून घ्यायची आणि मग पट्टी सोडवून बघायची. कणीक करंगळीएवढी जाड उरली तर गाडी द्यायची. नखाएवढी उरली तर द्यायची नाही. आणि टायरची नक्षी उमटली तर गिऱ्हाइकाने पाय धरले तरी द्यायची नाही.

ही पद्धत उस्तादांची. उस्ताद म्हणजे या दुकानाचे मूळ मालक, चाकवाल्याचे गुरू आणि नंतर सासरे. त्यांच्या घरातल्या दोन्ही मुलींनी आयुष्यातली पहिली कणीक मळली ती टायरसाठी. किती पाणी, किती तेल, म्हणजे रंगाला चिकटणार नाही आणि तरी जागची हलणार नाही, हे त्यांना आईने शिकवलेलं. थोरली चाकवाल्याला दिली. लग्नानंतरही तो जिन्याखालून हाक मारायचा, "अगं, कणीक!" आणि ती वरून विचारायची, "माणसांची की गाडीची?"

चाकवाला उस्तादांकडे आला तेव्हा त्याच्याजवळ अंगावरचे कपडे आणि दोन दणकट हात एवढंच होतं. पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी त्याला एका हळू चालणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकाशेजारी वाकायला लावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "डोळे मीट. कान दे. चाक बोलतं." त्याला काहीच ऐकू आलं नाही. पण खांद्यावरचा हात कळला. जड, कोमट, तेलकट हात. आपल्यावर कुणी असा हात ठेवलेला त्याला आठवत नव्हता. पुढे चाकांचं बोलणं त्याला उस्तादांपेक्षाही बारीक ऐकू येऊ लागलं. पुढे मुलगी मिळाली, दुकान मिळालं. पण विचारलं असतं कुणी, की तुला या आयुष्यात काय मिळालं, तर त्याने तो हात सांगितला असता. कुणी विचारलं नाही.

मग धाकटीचं लग्न झालं आणि साडू आला.

साडूचं गाद्या-उशांचं दुकान होतं, आणि माणूसही तसाच: कुठेही हात ठेवा, मऊ. पहिल्या दिवसापासून तो उस्तादांना 'बाबा' म्हणाला. चाकवाल्याच्या तोंडून इतक्या वर्षांत 'बाबा' निघालं नव्हतं. एकदोनदा त्याने एकट्याने आरशासमोर म्हणून बघितलं होतं. ते दुसऱ्याच्या मापाच्या चपलेसारखं वाटलं. साडूने मात्र दारात पाऊल टाकताच 'बाबा' म्हटलं आणि उस्तादांनी 'ओ' दिली.

उस्तादांची नजर मंदावली तेव्हा त्यांना डॉक्टरकडे घेऊन जाऊन दिवसभर दवाखान्याच्या अंधाऱ्या बोळकांडीत बाकावर कोण बसलं? साडू. चाकवाला दुकान सोडू शकला नव्हता. दुकान उस्तादांचंच होतं ना, ते बंद कसं ठेवायचं? पण हे म्हणायला कुणी नव्हतं. ऑपरेशन होऊनही नजर पुरती आली नाही. आता उस्ताद कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून चालत, आणि तो खांदा बहुतेक वेळा साडूचा असे. दोघे असे चालत आले की चाकवाल्याच्या स्वतःच्या खांद्यावर एक हाताएवढी जागा गार पडायची.

साडूला नावं ठेवायला कुठे फट नव्हती, हेच खरं दुखणं. वाईट माणसाचा हेवा करताना मन तरी मोकळं राहतं. चांगल्याचा केला की रात्रंदिवस आपलंच तोंड आपल्याला दिसतं. चाकवाला फटी शोधायचा. साडू चहा फार गोड पितो. साडू हसताना मांडीवर थाप मारतो, आणि तीही दुसऱ्याच्या. एवढ्यावर एखाद्याचा राग करता येत नाही, पण चाकवाला त्यातल्या त्यात भागवून घ्यायचा.

अशात साडूने गाडी घेतली. गडद निळी, कोरी. आणि दुसऱ्याच दिवशी डिकीत चार चाकं घालून तो दुकानापुढे हजर. काळी चाकं, आऱ्यांच्या कडा आरशासारख्या.

"साडूभाऊ, तुमच्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही असं ठरवूनच घेतलीत."

"घेण्याआधी विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही छोटी घ्यायला लावली असती!" साडूने चाकवाल्याच्या मांडीवर थाप मारली.

चाकं चढवली. रिकाम्या गाडीत छान बसली, आतल्या बाजूला दोन बोटं जागा, बाहेर बोटभर. साडू चार पावलं मागे गेला, डोकं तिरपं करून बघत राहिला. मग खिशातून कापडात गुंडाळलेल्या दोन चकत्या काढल्या. स्पेसर. चाक आणि त्याच्यामागचा हब यांच्यामधे घालायच्या सपाट धातूच्या चकत्या. त्या घातल्या की चाक तेवढं बाहेर येतं.

"मागची जरा आत गेल्यासारखी दिसतात हो. बॉडीच्या बरोबरीने आली पाहिजेत. तो दुकानदार म्हणाला, हे घाला."

"हे घातलं की माणसं बसल्यावर कडेला लागेल," चाकवाला म्हणाला. "घालायचंच असेल तर आधी मला कड तापवून आत वळवावी लागेल. रंगाला चीर जाऊ शकते."

"कोऱ्या गाडीचा रंग? नको बुवा."

"मग हे नको."

हे तो खरं बोलला होता. पण बोलताना आवाजात काहीतरी जास्तीचं आलं, एक गोडी, जी त्यालाही जाणवली. नको म्हणायला मिळाल्याची गोडी. त्याच वेळी बायको चहा घेऊन जिन्यातून उतरत होती. ती जिन्यातच थांबली. साडू हात धुवायला मागे गेला तसा तिने कप आपटून ठेवला.

"तुम्हाला बघवतच नाही ना त्याचं?"

"अगं, घासेल म्हणून सांगतोय."

"जगाच्या गाड्यांना बसवता. दर गाडीला काहीतरी उपाय काढता. याच्याच गाडीला बरा उपाय नाही! तोंड बघा आरशात. लिंबू चोखल्यासारखं झालंय गाडी आल्यापासून."

टायर घासेल हे खरं होतं, आणि लिंबू हेही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी एकाच तोंडातून निघाल्या की ऐकणाऱ्याला एकच ऐकू येते. चाकवाल्याने स्पेसर उचलले, हबवर बसवले, चाकं पुन्हा चढवली. नट इतके आवळले की पाना कण्हला. चाकं बॉडीच्या बरोबरीने आली. गाडी एखाद्या ऐटबाज माणसाने छाती काढून उभं राहावं तशी दिसू लागली. त्याच्या हातून इतकी देखणी गाडी फार दिवसांत निघाली नव्हती, आणि ती साडूची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे निघणार होते. धरणाकाठी दिवस घालवायचा, संध्याकाळी परत. गाडी चालवणार साडू, शेजारी उस्ताद, मागे सासूबाई, मेहुणी आणि चाकवाल्याची बायको. गाडीत पाच माणसं मावत होती. "मला कामं आहेत," असं चाकवाल्याने कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. मग कुणी विचारलंच नाही, याचंही त्याला वाईट वाटलं.

डिकीत पिशव्या भरल्या गेल्या. सगळे बसत होते तेवढ्यात उस्तादांनी काच खाली केली.

"कणीक लावलीस का रे?"

"लावतो, उस्ताद."

बायको गाडीतून उतरली, वर जाऊन गोळा घेऊन आली. त्याच्या हातात देताना तिने त्याच्याकडे बघितलं नाही. त्याने दोन्ही मागच्या कडांना पट्ट्या लावल्या. सगळे बसले. साडूने गाडी दुकानापुढे आडव्या टाकलेल्या फळीवरून पुढेमागे घेतली, मागे बसलेल्या तिघींनी हसत हसत गाडीला हेलकावे दिले. सासूबाई म्हणाल्या, "अरे पुरे, माझं पोट ढवळेल." मेहुणी ओरडली, "भाऊजी, लवकर! पास की नापास?"

चाकवाला चाकाशी गुडघ्यावर बसून होता. डावीकडची पट्टी निघाली ती नखाएवढी. उजवीकडची हातात आली आणि त्याने ती बघितली. कागदासारखी पातळ. तिच्यावर टायरची नक्षी, एकेक खाच स्पष्ट. मधोमध ती फाटली होती आणि तिथे मडगार्डच्या निळ्या रंगाचा एक बारीक कण चिकटला होता.

वर बघितलं तर मागच्या काचेतून बायको त्याच्याकडेच बघत होती. रागाने नाही. ती वाट बघत होती. हा माणूस आता काय बोलतो, कशासाठी बोलतो, ते पारखायला बसली होती ती. त्याला वाटलं, मी 'नापास' म्हटलं की ही 'म्हटलंच होतं' अशी मान हलवेल. तेवढीच हलवेल, पण हलवेल.

त्याने मूठ मिटली.

"पास," तो म्हणाला.

गाडीत टाळ्या पडल्या. बायकोचा चेहरा सैल झाला, ती हसलीसुद्धा. आणि निळी गाडी छाती काढून गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

तो दुकानात येऊन एका पडलेल्या टायरवर बसला. मूठ उघडली. कणकेवर त्याच्या बोटांचे ठसे पडले होते, पण खाली टायरची नक्षी अजून होती. हाताने केलेलं सगळं त्याला नेहमी दिसायचं. न केलेलं आज पहिल्यांदा दिसत होतं. आयुष्यात त्याने कधीही नक्षी उमटलेली गाडी दिली नव्हती. सोडली ती पहिली गाडी घरच्यांनी भरलेली. आणि कशासाठी? आपल्याला हेवा वाटत नाही, हे दाखवण्यासाठी. म्हणजे हेव्याने त्याला एकदाही वाईट वागायला लावलं नव्हतं. हेवा लपवायला गेला आणि वागला.

धरणाचा रस्ता त्याला माहीत होता. पुलापर्यंत गुळगुळीत, पुलाच्या पलीकडे पेट्रोलपंप, आणि पंपाच्या पुढे खड्डेच खड्डे. तिथे एका गाडीचा टायर त्याने बघितला होता, सफरचंद सोलावं तसा सोललेला.

साडू नव्या गाडीत पेट्रोल भरल्याशिवाय पुढे जाणार नाही. चाकवाल्याने पट्टी ओल्या फडक्यात गुंडाळून खिशात घातली, स्कूटरला किक मारली. दुकानाचं शटर ओढायचंही राहिलं.

गाडी पंपावर रांगेतून बाहेर निघत होती. तो सरळ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"अहो!" बायको काचेतून डोकावली. "तुम्ही? काय विसरलं?"

साडू खाली उतरला. "काय झालं साडूभाऊ? दुकानात काही..."

चाकवाल्याने त्याच्याकडे बघितलं नाही. तो उस्तादांच्या बाजूला गेला आणि फडकं सोडून पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. उस्तादांना ती दिसली नसावी. त्यांनी अंगठा फिरवला, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फाटलेल्या जागेवर अंगठा थांबला.

"नक्षी आहे."

"हो."

"सकाळचीच?"

"हो."

"आणि तू पास म्हणालास."

"हो."

"का रे?"

पंपावरच्या यंत्राची घरघर चालू होती. चाकवाल्याने बायकोकडे बघितलं आणि मग बोलून टाकलं. "काल खरं सांगितलं तर ही म्हणाली, तुम्हाला बघवत नाही. खरंच आहे तिचं. नाही बघवत मला. गाडी बघवत नाही, तुम्ही यांच्या खांद्यावर हात ठेवून चालता तेही बघवत नाही. पण टायर घासतो, हेही खरंच आहे. स्पेसर काढायला लागतील."

साडूचा मऊ चेहरा पहिल्यांदाच कुठेतरी दुमडल्यासारखा झाला. मांडीवर थाप मारायला उचललेला हात हवेतच राहिला. मग त्याने तो खाली घेतला. चाकाकडे बघितलं, बॉडीच्या बरोबरीने आलेल्या त्या चाकाकडे, बराच वेळ.

"काढा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "जॅक कुठे लावायचा? मी लावतो."

"मला उतरायला सांगू नका," सासूबाई आतून म्हणाल्या. "गुडघे आत्ता कुठे आत गेलेत."

त्यांना उतरावं लागलं. पंपाच्या कडेला गाडी उचलली, नट सैल केले, चाकं काढली, चकत्या बाहेर आल्या. साडूने त्या खिशात घातल्या. चाकं पुन्हा चढली, पण आता बोटभर आत. ऐट गेली. आता ती एक साधी, चांगली गाडी होती. चाकवाल्याला आत कुठेतरी बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली, दोन्ही एकाच श्वासात.

नट आवळताना बायको शेजारी येऊन उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "मी काल उगाच बोलले."

"उगाच नाही," तो म्हणाला.

आता तपासायचं कसं? आणलेली पट्टी फाटलेली, आणि दुसरी कणीक जवळ नव्हती. उस्ताद म्हणाले, "कानाने बघू. मागे तिघी बसा. तू चालव." 'तू' म्हणजे चाकवाला. तो त्या गाडीच्या स्टिअरिंगवर पहिल्यांदा बसला. सीट अजून साडूच्या मापाची होती, पाय पोचेनात. त्याने ती पुढे ओढली.

"बाबा," साडू बाहेर विचारत होता, "घासतं ते ऐकू कसं येतं?" विचारण्यात काही डाव नव्हता. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

पंपाच्या बाहेर पडताना एक उंच गतिरोधक होता. चाकवाल्याने गाडी त्याच्यावर हळूच घातली. मागची बाजू उचलली, मग दबकन बसली. कुठेही काही लागलं नाही. पुढे वळून पुन्हा आणली. मागचं चाक मुकं होतं, अगदी मुकं. त्याला ते सीटवर बसल्या बसल्या पाठीतून कळलं. काम झालं होतं.

त्याने बाजूच्या आरशात बघितलं. साडू मागच्या चाकाशेजारी कंबरेत वाकला होता, डोळे मिटून, कान चाकाकडे करून, तोंड जरासं उघडं. त्याच्या खांद्यावर उस्तादांचा हात होता. उस्तादांचे ओठ हलत होते. काचा बंद होत्या. शब्द आत येत नव्हते. यायची गरज नव्हती.

"येतंय का हो काही ऐकू?" बायकोने मागून विचारलं.

बाहेर उस्तादांनी हात वर करून खूण केली: अजून एकदा. आणि तोच हात पुन्हा साडूच्या खांद्यावर गेला. चाकवाल्याने गाडी मागे घेतली आणि पुन्हा गतिरोधकावर घातली, आधीपेक्षा हळू, शिकणाऱ्याला ऐकू यावं इतकी हळू.